अंदमानला मासे खायला निघताना : सोलापुरातूनच करून न्यायची तयारी

सगळ्यात आधी कालनिर्णय उघडायचं. विमानाचं तिकीट, हॉटेलाचे फोटो, समुद्रावरची खोली हे सगळं नंतर. अंदमानचा चांगला हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि मार्गशीर्ष नेमका त्यातच येतो. घरात मार्गशीर्षातले गुरुवार करणारी बाई असेल, खंडोबाचं नवरात्र बसत असेल, तर चंपाषष्ठी झाल्याशिवाय ताटात मासा येत नाही. पाच रात्रींच्या सहलीत एक गुरुवार आणि एक एकादशी पडली की दोन रात्री गेल्या. पुढे संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज निघालेत आणि आपण गावात नाही, हे कित्येक घरांना चालत नाही, आमच्याही नाही. म्हणून आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरतो.

मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मोकळा असेल, तर एक गोष्ट पक्की माहीत करून घ्या. पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारच्या समुद्रात १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ म्हणून ती असते आणि ती असायलाच हवी. त्या दिवसांत ताटात येतो तो छोट्या वल्ह्याच्या होडीतून आलेला थोडा मासा, नाहीतर बर्फातला. मे महिन्यात समुद्र बघायला जरूर जा, पण केवळ मासे खायला म्हणून एवढा खर्च करून त्या दिवसांत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी तयारी हाताची आणि जिभेची. आपण सोलापूरचे लोक मटणावर वाढलेले. मासा म्हटलं की आपल्याला आठवतो तो उजनीचा. पुणे रस्त्यावर भिगवण-इंदापूरकडे थांबून खाल्लेली चिलापी, नाहीतर घरी आणलेला राहू, कटला. राहू-कटल्याच्या मांसात बारीक दुबेळकी काटे असतात, त्यामुळे आपल्या मुलांना मासा म्हणजे भीती असं होऊन बसतं. चिलापीत ते काटे नसतात. म्हणून निघायच्या आधी दोन-तीन रविवार घरी अख्खी चिलापी तळून मुलांपुढे ठेवा. मधला काटा कुठून धरायचा, पाठीकडचं मांस बोटाने कसं सरकवायचं, कल्ल्याजवळचा आणि पोटाकडचा काटा कसा बाजूला काढायचा, हे त्यांना आपल्या ताटात शिकू दे. अंदमानात मिळणारी तांबोशी, म्हणजे रेड स्नॅपर, अशीच खायची असते. सुरमईच्या तुकड्यात तर मधे एक गोल मणका आणि आजूबाजूला मोजके काटे. चिलापी जमली की हे दोन्ही जमतात. आणि काटा घशात अडकला तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावायचं नाही, त्याने काटा आणखी रुततो. डॉक्टर गाठायचा. आजीचा उपाय होता म्हणून आम्हीही तेच करत आलो होतो, आता करत नाही.

खेकड्याची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे खाल्लेले असतील तर तुम्हाला कुणी काही शिकवायला नको. माझी आई पाटावर बसून नांगी बत्त्याने अशी अलगद ठेचायची की कवच तडकायचं आणि आतलं मांस अख्खं राहायचं. मग नांगीचं टोक धरून एकदाच ओढायचं, की पांढरी वात बाहेर. हॉटेलात बत्ता मिळत नाही. तिथे चिमटा देतात, पण चार माणसांत एकच, आणि तोही ढिला. मी घरातला सुपारीचा अडकित्ता नेते. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेतच टाकायचा.

आता तब्येतीचं. इथे घाई करू नका. घरात प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : सुकट खाल्ल्यावर कधी ओठ खाजले, घसा आवळला, अंगावर गांधी उठल्या? सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबीच. ज्याला सुकटीचा त्रास होतो त्याला कोळंबी, खेकडा, लॉब्स्टर या तिन्हींचा होऊ शकतो, कारण त्रास देणारं प्रथिन या सगळ्या कवचवाल्यांत जवळपास सारखंच असतं. धुळीतल्या किड्यांतही त्याच जातीचं प्रथिन असतं, म्हणून धुळीचा दमा असणाऱ्याने पहिल्यांदा कोळंबी खाताना जरा जपावं. माझ्या धाकट्याला आठवडी बाजारातल्या सुकटीची चटणी खाल्ली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि आम्ही ते तिखटावर ढकलत होतो. डॉक्टरांना विचारून सोक्षमोक्ष लावला तो इथेच, सोलापुरात. बोटीने दोन तासांवर असलेल्या बेटावर रात्री नऊ वाजता ते कळलं असतं, तर काय केलं असतं? मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमला आहे, जी. बी. पंत. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, प्राथमिक केंद्रावर भागवावं लागतं. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचं ताट वेगळं मागून भागत नाही, तेल कुठलं हेही विचारावं लागतं. कोळंबी तळलेल्या कढईतच बटाटे तळले जातात. यूरिक अ‍ॅसिड वाढलेल्या मंडळींनी कोळंबी-खेकड्यावर किती हात मारायचा, हेही निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

हाच तेलाचा प्रश्न माळकऱ्यांचा. पंढरपूर आपल्या दाराशी, त्यामुळे घरटी एक तरी माळ असते. माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तीस वर्षं आहे. पहिल्या सहलीत आम्ही म्हटलं, ‘आई, तिथे डाळभात मिळतोच.’ मिळाला, पण समोरच्या टेबलावर खेकडे फुटत होते, आणि त्या पदर नाकाला लावून दोन घास कशाबशा गिळून उठल्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि तेच मला लागलं. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, त्यांचं जेवण आधी, वेगळ्या शाकाहारी ठिकाणी, निवांत, आणि आमच्यापैकी एकजण रोज त्यांच्याबरोबर तेच जेवणार. पाळीपाळीने. दोन, आम्ही मासे खायला बसतो तेव्हा त्या नातवाबरोबर किनाऱ्यावर फिरतात, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. म्हातारं माणूस बरोबर नेताना ही सोय प्रवासाच्या आराखड्यातच लिहून ठेवा, तिथे गेल्यावर सुचत नाही.

वेळेचं गणित नीट समजून घ्या, कारण आपण इथेच फसतो. घड्याळ देशभर एकच, पण पोर्ट ब्लेअर सोलापूरच्या पूर्वेला जवळजवळ १७ अंश रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाच वाजता काळोख पडायला लागतो. आपण साडेनऊला जेवणारे लोक, आणि छोट्या बेटांवर तोवर चुली विझत आलेल्या असतात. दुपारी जाऊनच विचारून ठेवायचं : रात्रीची शेवटची ऑर्डर किती वाजता, आणि आज बोटीतून काय आलंय? हा दुसरा प्रश्न मेनूकार्ड उघडण्याआधी विचारायचा. कार्डावर वीस मासे असतात, त्या दिवशी आलेले दोन-तीन. आपण तेच खायचे.

दाखवायला सांगायचं, लाजायचं नाही. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत खचलेला, धुरकट नको. कल्ला उचलून बघायचा, आत लाल असावा. बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, नाकात चढणारा उग्र दर्प आला की परत. कोळंबीचं डोकं काळं पडून लोंबत असेल तर नको. खेकडा आकारापेक्षा हाताला जड लागला पाहिजे. अंडी लगडलेली मादी कुणी पुढे केली तर मी दुसरी मागते, खेकड्याची असो की लॉब्स्टरची. कुप्पा, म्हणजे ट्यूना, किंवा बांगडा खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली, तर तो घास तिथेच थांबवा. हे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. प्रवाळातल्या फार मोठ्या माशांचं, खास करून मोठ्या बॅराकुडाचं, डोकं आणि काळीज आम्ही घेत नाही. अशा माशांत कधीकधी प्रवाळावरून आलेलं विष साठतं, त्याला चव नसते आणि आचेने ते मरत नाही.

पैशांची तयारी म्हणजे फक्त जास्त पैसे नेणं नव्हे. रोख न्या, कारण छोट्या बेटांवर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाव कशाचा आहे ते विचारणं. काही वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर आम्ही लॉब्स्टर मागवला. कार्डावरचा आकडा आम्ही प्लेटचा समजलो, तो होता शंभर ग्रॅमचा. लॉब्स्टर भरला साडेआठशे ग्रॅम. बिल आलं साडेआठ पट, आणि नवऱ्याने पाकीट उघडताना माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. पुढचे दोन दिवस आम्ही वडापावसारखं काहीतरी शोधत फिरलो. तेव्हापासून कार्डावर ‘आकाराप्रमाणे’ असं लिहिलेलं दिसलं की तीन गोष्टी तोंडाने विचारून घेते : भाव शंभर ग्रॅमचा की किलोचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवण्याचे पैसे त्यात धरलेत की वेगळे. वजन आपल्यासमोर करायचं आणि वजनकाट्याचा फोटो काढायचा. कवच आणि डोकं वजनात जातं, हातात येणारं मांस निम्म्याहून बरंच कमी. चौघांत लॉब्स्टर एक, चवीपुरता, आणि पोट भरायला अख्खी तांबोशी, हा आमचा ठरलेला हिशेब. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय. काढायला सांगता येतं, शांतपणे.

चवीबद्दल मनाची तयारी हवी. अंदमानात बंगाली कुटुंबं मोठ्या संख्येने वसलेली आहेत, शिवाय तमिळ, मल्याळी, तेलुगू. त्यामुळे रस्सा मोहरीचा असतो किंवा नारळाच्या दुधाचा. आपल्या काळ्या मसाल्याची झणक तिथे शोधायची नाही. मोहरीचा तिखटपणा जिभेवर नाही, नाकात चढतो, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं आणि तिसऱ्या घासाला आवडायला लागतो. पहिल्या दिवशी तरी मासा फक्त मीठ-लिंबू लावून भाजलेला मागा. लाल तंदुरी मसाल्यात बुडवलेला मासा आपल्याकडेही मिळतो, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. तेलुगू येणारं कुणी बरोबर असेल तर फार उपयोग होतो. पोर्ट ब्लेअरच्या जंगलीघाटाला मासेमारी करणारी तेलुगू वस्ती आहे. आमच्याबरोबर आलेली सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी मैत्रीण तिथे ‘चेपा’, ‘रोय्यलु’ असं बोलायला लागली, तेव्हा मासळीवाल्या बाईने टोपलीच्या तळाची कोळंबी वर काढून दिली. ती शिजवून द्याल का, हे मात्र राहत्या ठिकाणी आधी विचारून ठेवावं लागतं.

बोटीच्या दिवशी सकाळी तळलेलं काही नको. इडली, केळं एवढंच, आणि मळमळीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, बोट हलायच्या आधी. परतताना मुलांनी खिशात भरलेले शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच ठेवून या. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि तसंही ते तिथलंच आहे.

राहिली शिदोरी. शेंगा चटणी दुहेरी पिशवीत, नाहीतर तेल सुटून कपड्यांना लागतं. कडक भाकरी स्टीलच्या उभ्या डब्यात, मधे सुती फडकं घालून, म्हणजे चुरा होत नाही. ही शिदोरी सासूबाईंसाठी म्हणून आम्ही नेली होती. तिसऱ्या रात्री नारळाच्या दुधातला सुरमईचा रस्सा समोर आला, भात संपला होता, आणि नवऱ्याने पिशवीतून एक भाकरी काढून रश्श्यात चुरली. मग नणंदेने, मग मी. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या वाट्याला भाकरी उरली नाही. म्हणून आता डबे दोन, आणि सासूबाईंच्या डब्यावर त्यांचं नाव.