स्लॅब ओतण्याआधी आर्किटेक्टला साइटवर बोलवा

मी रत्नागिरीकडे चिऱ्याची घरं बांधून देतो. माझं सांगणं एवढंच, की आर्किटेक्ट आणि कंत्राटदाराची पहिली बैठक खोदाईआधी जागेवरच घ्या. फक्की (पांढरी पूड) मारून जमिनीवर आखलेलं लाइनआउट, म्हणजे भिंतींच्या खुणा, दोघांनी मिळून तपासा आणि मालकांनाही आत उभं करा. "काकू, ही तुमची ओट्याची खिडकी," म्हटलं की बदल तिथेच निघतात.

नकाशावर तारीख आणि रिव्हिजन नंबर (कितवा सुधारित नकाशा तो आकडा) हवाच. नवा आला की जुन्यावर लाल फुली मारा. एका घरात बाथरूम सरकलं, पण नवा नकाशा माझ्यापर्यंत आला नाही. जुन्यावरच सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्यांचा साचा) झालं आणि बांधलेली सळई सोडावी लागली. मालकांचे आठ दिवस गेले, ते मला अजून लागतं.

म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी आर्किटेक्ट आणि आरसीसी इंजिनिअर (सळई-काँक्रीटचं डिझाइन करणारा), दोघांनाही वर चढवा. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे), पंख्याचे बॉक्स, वायरिंगचे पाइप, बाथरूमचा खाली घेतलेला भाग बघून साइट रजिस्टरमध्ये सह्या घ्या. फोनवर ठरलेला बदलही त्याच दिवशी, खर्चासकट, तिथेच लिहा.