ताकदीवरचे संशोधन स्वतःवर वापरताना या चुका टाळा

दादर-परळ पट्ट्यातील कबड्डीपटूंना मी गेली अनेक वर्षे ताकदीचे व्यायाम शिकवतो. त्यांच्याकडून एक प्रश्न मला सतत विचारला जातो : "सर, ही पावडर संशोधनाने सिद्ध झालेली आहे म्हणतात, मग मला फरक का पडत नाही?" कधी प्रकार उलटा असतो, फरक पडल्याची खेळाडूला पक्की खात्री असते आणि वहीतल्या आकड्यांत तो कुठेच सापडत नाही. दोन्ही वेळा बहुतेक गफलत मोजण्यात, मात्रेत किंवा मूळ प्रयोग कोणावर झाला होता हे न पाहण्यात असते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

सुरुवातीची नोंद घाईने घेणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे. एका संघाची उभी उडी मी भिंतीवर मोजत असे. बोटांच्या टोकांना खडू लावायचा, भिंतीला खेटून हात ताणून पहिली खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करायची आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे, अशी ती साधी पद्धत. पहिली मोजणी सकाळी साडेसहाला झाली. आठ आठवड्यांच्या सरावानंतरची मोजणी मात्र मुले कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी सातला झाली. जवळपास प्रत्येकाची उडी वाढलेली दिसली आणि आम्ही सगळे खूष झालो. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा त्या वाढीचा बराच भाग नाहीसा झाला होता. स्नायूंची ताकद आणि झेप पहाटेपेक्षा दुपारनंतर व संध्याकाळी काहीशी जास्त असते, हे वारंवार दिसून आलेले आहे. आम्ही सरावाच्या नावावर जमा केलेली वाढ प्रत्यक्षात घड्याळाची होती.

याच्या जोडीला सवयीचा परिणाम असतो. ज्याने कधी एकदाच उचलता येईल असे कमाल वजन उचलून पाहिलेले नाही, तो दुसऱ्या खेपेला जास्त उचलतो, कारण पाय कुठे ठेवायचे, श्वास कधी रोखायचा आणि धीर किती धरायचा हे त्याला आता कळलेले असते. म्हणून कोणतीही पावडर किंवा नवा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी एक-दोन मोजण्या केवळ सवयीसाठी करून सोडून द्याव्यात. त्यानंतर काहीही न बदलता, त्याच वेळी, तेच बूट घालून आणि तेवढाच वॉर्म-अप करून आठवड्याभरात दोनदा मोजावे. या दोन आकड्यांत जो फरक येईल तो तुमच्या मोजमापाचा स्वाभाविक चढउतार होय. पुढे दिसणारी वाढ त्याच्याइतकी किंवा त्याहून लहान असेल, तर ती वाढ समजू नये.

प्रयोग कोणावर झाला, हे न पाहणे

मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी 1979 साली दाखवून दिले की नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याची पहिल्या काही आठवड्यांतील ताकदवाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होते. स्नायू जाड होण्याचा वाटा नंतर वाढत जातो. याचा अर्थ असा की कधीही वजन न उचललेल्या महाविद्यालयीन मुलांवर सहा-आठ आठवड्यांचा प्रयोग केला, तर जवळजवळ कोणताही कार्यक्रम उत्तम ठरतो. सात वर्षे स्क्वॉट मारणाऱ्या चढाईपटूने त्या टक्केवारीची अपेक्षा धरली, तर त्याच्या पदरी निराशाच येणार. त्यामुळे अभ्यास वाचताना निष्कर्षाच्या आधी सहभागी लोकांचे वर्णन वाचावे : वय, स्त्री की पुरुष, किती वर्षांचा सराव आणि तुलनेसाठी दुसरा गट होता की नाही.

तुलनेचा गट का लागतो, याचे 1972 सालचे उदाहरण अजूनही बोलके आहे. एरियल आणि सॅव्हिल यांनी वजन उचलणाऱ्या काही मोजक्या खेळाडूंना स्टेरॉइड देत असल्याचे सांगून प्रत्यक्षात औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि तरीही त्यांची ताकद आधीच्या काळापेक्षा वेगाने वाढली. विश्वासाची ताकद खरी असते, परंतु तिचे श्रेय डब्यातल्या पावडरीला देता येत नाही. बीटा-अलानिन या पूरक पावडरीच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण ते घेतल्यावर त्वचेला मुंग्या येतात आणि प्रयोगात आपल्याला खरी पावडर मिळाली आहे की तुलनेसाठी दिलेली नकली, याचा अंदाज खेळाडूला लगेच येऊ शकतो. मुंग्या आल्या म्हणजे पावडर लागू पडली, असे अनेक मुले समजतात. त्या मुंग्यांचा स्नायूंवर होणाऱ्या परिणामाशी संबंध नाही. तो परिणाम दिसायला रोज घेऊन काही आठवडे जावे लागतात.

मात्रा आणि वेळ स्वतःच्या मनाने ठरवणे

क्रिएटिन हे कदाचित सर्वांत जास्त तपासले गेलेले पूरक असेल, आणि तेच सर्वांत चुकीच्या पद्धतीने घेतले जाते. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ते घेतल्याने स्नायूंमधील साठा वाढतो हे दाखवले. 1996 च्या अभ्यासात दिवसाला 20 ग्रॅम सहा दिवस घेतले काय किंवा 3 ग्रॅम चार आठवडे घेतले काय, साठा सारखाच भरला. सामन्याच्या सकाळी एक स्कूप घेऊन दुपारी परिणाम शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, ते यामुळे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्याला बऱ्याचदा अधिक फरक जाणवतो. पहिल्या आठवड्यात मोठी मात्रा घेतल्यास शरीरात पाणी धरले जाऊन वजन एक-दोन किलोने वाढू शकते. वजनाची अट असलेल्या स्पर्धेच्या तोंडावर ते सुरू करणे म्हणजे वजनकाट्यावर अडकण्याची तयारी करणे होय. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी मोजले जाणारे द्रव्य, थोडे जास्त येऊ शकते, तेव्हा आपण काय घेतो हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

कॅफीनच्या अभ्यासांत शरीराच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, अशी मात्रा वापरली जाते. 60 किलोच्या खेळाडूसाठी ती 180 ते 360 मिलिग्रॅम होते, आणि एका कटिंग चहातून तेवढे मिळत नाही. रात्री साडेआठच्या सामन्यासाठी घेतलेली हीच मात्रा झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा सामना बिघडवते. त्यामुळे साखळी स्पर्धेत मी ती शक्यतो टाळायला सांगतो. बीटरूटचा रस घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्यातील नायट्रेटचे पहिले रूपांतर तोंडातील जिवाणू करतात, आणि जंतुनाशक माउथवॉशने ते जिवाणू मारले की रसाचा उपयोग बराचसा संपतो.

लहान फरकाला मोठा समजणे

प्रथिनांवरील 49 अभ्यास आणि 1863 सहभागींचे एकत्रित विश्लेषण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. जास्तीच्या प्रथिनांमुळे कमाल वजनात पडलेली सरासरी भर सुमारे 2.5 किलो होती. ताकदीची बाकी सारी वाढ व्यायामाची होती. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे स्नायूंच्या वाढीत सरासरीने आणखी फायदा दिसला नाही. 60 किलोच्या मुलाला हे 96 ग्रॅम होतात, आणि अंडी, दूध, मासे, उसळ, पनीर यांतून ते बरेचसे भागू शकतात. घरची परिस्थिती बेताची असताना आईने महिन्याच्या किराण्यातून पैसे वाचवून महागडा डबा आणलेला मी पाहिला आहे. त्या घरात रोजची चार अंडी जास्त उपयोगी पडली असती, हे आधी सांगायला हवे होते, याची मला आजही खंत वाटते.

भारतात झालेल्या एखाद्या अभ्यासाचा दाखला कोणी दिला, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियामध्ये त्याची नोंद पाहावी. माणसांवरील वैद्यकीय प्रयोगांची ही नोंदवही 2007 पासून सर्वांसाठी खुली आहे. सुरुवातीला काय मोजायचे ठरले होते आणि शेवटी कशाचा गाजावाजा झाला, हे दोन्ही जुळते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते.

एकमेकांना मारक गोष्टी एकत्र करणे

चार आठवडे झाले तरी आकडा हलत नसेल, तर नवी पावडर आणण्याआधी झोप, जेवण आणि वहीत लिहिलेली वजने तपासावीत. त्यानंतर सरावाला लागून काय केले जाते ते पाहावे. 2015 च्या एका बारा आठवड्यांच्या अभ्यासात ताकदीच्या व्यायामानंतर दर वेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची आणि ताकदीची वाढ कमी झाली. स्पर्धेच्या दिवसांत, एकामागून एक सामने असताना बर्फाच्या पाण्याला जागा आहे. ताकद कमावण्याच्या महिन्यांत ते रोज करू नये. जीवनसत्त्व क आणि ई यांच्या मोठ्या गोळ्यांबाबतही व्यायामाचा काही लाभ दबल्याचे निष्कर्ष आहेत.

मुंबईच्या दमट हवेचा हिशेबही ठेवावा लागतो. वातानुकूलित जिममध्ये मिळालेला आकडा मैदानावर लगेच मिळत नाही. उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात.

डब्यावरच्या यादीवर भरवसा ठेवणे

जर्मनीतील कोलोनच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेने 13 देशांतून घेतलेली 634 पूरके तपासून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा 94 नमुन्यांत डब्यावर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश द्रव्ये सापडली. नमुन्यात बंदी असलेले द्रव्य आढळले की ते शरीरात कसे आले याची जबाबदारी खेळाडूवरच येते, आणि "मला माहीत नव्हते" एवढ्यावर सुटका होत नाही. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्याने सुटी, पुन्हा भरलेली किंवा बिलाशिवाय मिळणारी पावडर घेऊ नये. स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेल्या बॅचचाच डबा घ्यावा, बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, बिल जपावे, आणि उत्तेजक चाचणीच्या वेळी भरायच्या अर्जात मागच्या सात दिवसांत घेतलेले प्रत्येक औषध व पूरक, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, न विसरता लिहावे.