पहिल्या प्रोजेक्टसाठी वायर घेताना

कॉलेजची मुलं इलेक्ट्रॉनिक्सचा प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बोर्ड कुठला घ्यायचा, सेन्सर कुठला, यावर त्यांचं भरपूर वाचन झालेलं असतं. वायर मात्र दुकानदाराने दिली ती. मग सेन्सर मधूनच गप्प होतो, बोर्ड आपोआप रिसेट होतो आणि बिचारा कोड दहादा तपासला जातो. मी आधी वायर हलवून बघतो.

नेटवर तारेच्या जाडीचे सगळे आकडे एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन वायर गेजमध्ये असतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काउंटरवरून प्रश्न येतो, "सात छत्तीस देऊ की चौदा छत्तीस?" नवखा तिथेच गडबडतो. ७/३६ म्हणजे आत सात बारीक तारा, प्रत्येक ३६ गेजची. हा गेज ब्रिटिश, एसडब्ल्यूजी. एक तार साधारण ०.१९ मिमी जाडीची, सात मिळून तांबं सुमारे ०.२ चौरस मिमी. म्हणजे नेटवरची २४ एडब्ल्यूजी, जवळजवळ तीच. १४/३६ मध्ये तांबं दुप्पट, २३/३६ मध्ये तिपटीहून थोडं जास्त. दोन्ही पद्धतींत गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, एवढं ध्यानात ठेवलं की दुकानात अडत नाही.

ब्रेडबोर्डला, म्हणजे सोल्डर न करता भोकांत तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीला, मात्र यातली एकही चालत नाही. तिथे एकसंध तार, म्हणजे सिंगल स्ट्रँड, हवी. २२ एडब्ल्यूजी (०.६४ मिमी) भोकात घट्ट बसते. त्याहून फार जाड तार दामटून घातली की आतल्या क्लिपा कायमच्या सैल होतात. फुकटात काम भागवायचं तर इंटरनेट जोडायला येणाऱ्या माणसाकडे लॅन केबलचा उरलेला तुकडा मागा. भिंतीतून नेतात त्या कॅट-५ई केबलमध्ये बहुधा २४ एडब्ल्यूजीच्या आठ रंगीत एकसंध तारा असतात. फक्त टोक कापून नीट बघा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. कापलेलं तोंड आतून पांढरं दिसलं तर ती घेऊ नका. दोन-चार वेळा वाकवली की तुटते आणि रोधही जास्त. कथिलाचा हात दिलेली तांब्याची तार बाहेरून पांढरी असते, पण आत लालसर निघते. या दोघींत गल्लत नको.

हलणाऱ्या जागी, म्हणजे सर्व्होला (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर), डब्याच्या झाकणावरच्या स्विचला, बॅटरीला, अनेक तारांचीच वायर लावा. एकसंध तार वाकून वाकून इन्सुलेशनच्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

आता जाडी. "एवढ्या करंटला वायर जळेल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. छोट्या प्रोजेक्टमध्ये जळण्याच्या कितीतरी आधी व्होल्टेज पडतं, आणि खरी डोकेदुखी ती. पाच व्होल्टची, ३० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे रंग बदलणाऱ्या एलईडींची पट्टी घ्या. पूर्ण पांढरा रंग लावला की दर दिव्याला ६० मिलिअँपिअरपर्यंत धरायचे, म्हणजे एकूण १.८ अँपिअर. सप्लाय दोन मीटर अंतरावर. जायची-यायची मिळून वायर झाली चार मीटर. परतीची वायर हिशोबात धरायला हमखास विसरतात. ७/३६ चा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम, म्हणून साधारण ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. पट्टीला मिळाले ४.४. पांढरा रंग पिवळट दिसू लागतो. तिथेच २३/३६ लावली तर नुकसान ०.२ व्होल्टच्या आत. ७/३६ या करंटला फारशी तापतही नाही, म्हणून संशय तिच्यावर जातच नाही. उपाय सोपा आहे: सर्किट पूर्ण लोडवर चालू ठेवून मीटरने आधी सप्लायपाशी आणि मग पट्टीपाशी व्होल्टेज मोजा. सर्किट बंद ठेवून वायरचा ओहम मोजून उपयोग नाही. साध्या मीटरच्या प्रोबचाच रोध बहुधा त्याच्या बरोबरीचा असतो.

टोकांना पिन किंवा सॉकेट लावून मिळणाऱ्या तयार जंपर वायरी प्रयोगापुरत्या ठीक. त्यांतून सेन्सरचे सिग्नल न्या, मोटरचा करंट नको.

इन्सुलेशनचा विचार सोल्डरिंग करताना होतो. साधं पीव्हीसी सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकाजवळ आक्रसून मागे सरकतं, म्हणून डाग पटकन द्यायचा. सिलिकॉनची वायर मऊ, उष्णता सहन करणारी. पण चिमट्याने सहज चिरते. टेफ्लॉन उष्णतेला दाद देत नाही आणि सोलतानाही देत नाही. सुरुवातीला पीव्हीसीच बरं, हात बसायला तेच शिकवतं.

मी सुरुवातीला घ्यायला सांगतो ते इतकंच: ७/३६ लाल, काळी आणि आणखी दोन रंगांत, थोडी थोडी, २३/३६ फक्त लाल-काळी, आणि लॅनचा तुकडा. बारा रंगांचा संच आकर्षक असतो, पण त्यातले निम्मे रंग पडून राहतात.

रिलेच्या (छोट्या करंटने चालणाऱ्या स्विचच्या) पलीकडे २३० व्होल्ट असतील तर यातली कुठलीच वायर नको. तिथे घरगुती वायरिंगची, आयएसआय मार्कची वायर घ्या. आणि स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायच्या टोकाला कथील लावू नका. कथील दाबाखाली हळूहळू बसत जातं, स्क्रू सैल होतो आणि सांधा तापतो. तारा पिळून तशाच घाला, किंवा टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा.