ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर भुतांची फेरी कशी काढावी

आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाहुणे आले की पहिले दोन दिवस जयविलास, तानसेनची कबर आणि महाराज बाड्यावरची खरेदी यांत जातात. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता कुणीतरी हळूच विचारतं, "इथे भुताटकीची जागा कुठली हो?" यंदा हा प्रश्न पुण्याच्या मावसबहिणीच्या धाकट्या मुलीने विचारला. आईने लगेच डोळे वटारले, पण मी उठून दिनदर्शिका पाहिली. अशा फेऱ्या मी आजवर आठ-दहा वेळा काढल्या आहेत. त्यांतली पहिली साफ फसली, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

त्या वेळी मला वाटलं, भुतं म्हणजे रात्र. संध्याकाळी सहाला दहा माणसं घेऊन किल्ल्यावर गेलो आणि मानमंदिराच्या दाराला कुलूप. महाल सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतो, हे लहानपणापासून इथे राहूनही माझ्या डोक्यात आलं नाही. वर जो गाईड सापडला त्याने बाहेरूनच बोट दाखवून "यहाँ आत्माएँ भटकती हैं" एवढं तीनदा सांगितलं आणि पैसे मागितले. मुलं जांभया देत खाली उतरली.

तेव्हा पहिली गोष्ट ही की फेरी दुपारीच सुरू करायची. थंडीत अडीचला खालच्या दरवाजापाशी हजर राहा. ऋतू ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात इथलं ऊन पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतं आणि किल्ल्याचा दगड रात्रीपर्यंत तापलेला राहतो. त्यात घाम फुटला तर तो भुताचा की उन्हाचा, कळायचं नाही. डिसेंबर-जानेवारीतलं धुकं मात्र फुकटात मिळणारी सजावट. अमावास्या-पौर्णिमेचा हट्ट धरू नका, तळघरात दोन्ही सारख्याच.

दुसरी गोष्ट गाईड, आणि सगळी फेरी त्याच्यावरच उभी आहे. परवाना असलेला माणूस घ्या, पैसे आधी ठरवा, आणि ठरवतानाच सांगा की नेहमीची फेरी नको, किल्ल्यावर मेलेल्या माणसांच्या गोष्टी हव्यात. मग एक परीक्षेचा प्रश्न टाका: "भैया, मुराद को यहाँ क्यों मारा था?" जो थेट "उसकी चीखें आज भी" असं सुरू करतो त्याला नमस्कार करून पुढे चला. जो आधी दिवाण अली नकीचं नाव घेतो त्याचा हात सोडू नका. (मुराद कोण आणि अली नकी कोण, ते पुढे तळघरात कळेल.) माझा हल्लीचा गाईड दुसऱ्या प्रकारचा आहे. साठीचा, मफलर गुंडाळलेला, आणि दर गोष्टीआधी "ये लिखा हुआ है" किंवा "ये सुना हुआ है" असं सांगून टाकणारा. बोली इथलीच हिंदी, पण पुण्याच्या मुलांनाही कळते. न कळलेलं तुम्ही कानात सांगा, त्यानेही गोष्ट रंगते.

माणसं सहा ते आठच घ्या. दहाच्या वर गेलात की मागची दोघं कायम "काय म्हणाला, काय म्हणाला" करत बसतात. सहा-सात वर्षांखालचं मूल, दमा असलेले किंवा बंद जागेत जीव गुदमरणारे यांना तळघरात नेऊ नका. वर सज्जात बसायला उत्तम जागा आहे. पायात चपला नकोत, बूट हवेत. पायऱ्यांचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला आहे. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली आणि दोघांजवळ तरी खरी बॅटरी असू द्या. मोबाईलचा उजेड तळघरात अगदीच केविलवाणा वाटतो.

चढण

किल्ल्याला दोन वाटा. उरवाई दरवाजाने गाडी वरपर्यंत जाते, गूजरी महालाकडची वाट पायी चढावी लागते. भुतांच्या फेरीला पायीच जा. डोंगर जेमतेम तीनशे फुटांचा असला तरी चढ खडा आहे, आणि एकामागून एक दरवाजे मागे पडतात तसं खालचं गाव लांब लांब जातं. पहिला आलमगिरी दरवाजा १६६० सालचा. ते साल मुलांना लक्षात ठेवायला सांगा, वर गेल्यावर कामाला येतं.

वाटेत गूजरी महाल आहे, मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला. तिने लग्नाआधी अट घातली होती की माझ्या राई गावचं पाणी महालात आलं पाहिजे. ही गोष्ट "सुना हुआ" खात्यातली, भुताची तर नाहीच, पण चढण्यापूर्वी दम खायला बरी पडते. आत वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. थोडं वर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत. आमच्यातला एक इंजिनिअर भाचा तिथून हलेचना. भुतं राहिली बाजूला, शून्याचेच फोटो काढत बसला. अशा माणसासाठी दहा मिनिटं जास्तीची धरा.

तळघर

हत्ती पोळ हा दरवाजा ओलांडला की डाव्या-उजव्या बाजूचं काही न पाहता सरळ मानमंदिरात घुसा. महाल बंद व्हायच्या आत तळघर झालंच पाहिजे, बाकीचं नंतर.

बाहेरून हा महाल भुताटकीचा मुळीच वाटत नाही. निळ्या फरशा, त्यांवर पिवळी बदकं, हत्ती, केळीची झाडं. मानसिंहाने गादीवर असताना, १४८६ ते १५१६ च्या दरम्यान, हा बांधला तो नांदायलाच. जमिनीखाली दोन मजले आहेत, तेही उन्हाळ्यात गारव्याला बसता यावं म्हणून. भिंतींत वरून खाली आलेल्या पोकळ्या आहेत. त्यांतून हवा येते, थोडा उजेड येतो आणि आवाजही येतो. खालचं दालन गोल आहे, खांबांनी वेढलेलं. छतात कड्या आहेत. गाईड सांगतो, राण्यांचे झोपाळे या कड्यांना टांगत आणि मोगलांच्या काळात त्यांनाच माणसं टांगली. झोपाळ्याचं एक वेळ कळतं. दुसऱ्याबद्दल आमचा मफलरवाला म्हणतो, "ये सुना हुआ है."

पण या किल्ल्याचा मोगलांनी राजकैद्यांसाठी तुरुंग केला होता, हे मात्र लिहिलेलं आहे. इथे थांबा, सगळ्यांना खांबांना टेकून बसवा आणि दोन गोष्टी शांतपणे ऐका.

पहिली मुरादबक्षाची. औरंगजेबाचा सख्खा धाकटा भाऊ. गादीच्या भांडणात त्याच्या बाजूने लढला आणि काम झाल्यावर १६५८ मध्ये त्याच्याच तंबूत पकडला गेला. इथे कैदेत असताना त्याच्या माणसांनी तटाला दोराची शिडी लावायची सोय केली होती. मध्यरात्री निघताना तो सरस्वतीबाई या आपल्या आवडत्या बाईचा निरोप घ्यायला गेला. ती हंबरडा फोडून रडली, पहारेकरी जागे झाले, शिडी सापडली. पुढे मुरादने मारलेल्या दिवाण अली नकीच्या मुलाकडून खुनाची फिर्याद पुढे आली आणि डिसेंबर १६६१ मध्ये मुरादचं डोकं उडवलं. म्हणजे खालचा आलमगिरी दरवाजा तेव्हा अगदी नवा होता.

दुसरी सुलेमान शुकोहची. हा औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा मोठा मुलगा. दिल्लीत त्याला बेड्या घालून औरंगजेबासमोर उभा केला तेव्हा तो एवढंच म्हणाला की मला पोस्ता द्यायचा असेल तर आत्ताच मारून टाका. काका म्हणाला, नाही देणार. बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या दरबारात हजर होता, त्याने हे लिहून ठेवलं आहे. पोस्ता म्हणजे खसखशीची बोंडं रात्रभर भिजवलेलं पाणी. सकाळी उठल्याबरोबर कैद्यापुढे त्याचा पेला येई आणि तो संपवल्याशिवाय खायला मिळत नसे. माणूस हळूहळू खंगे, बुद्धी जाई, आणि एक दिवस संपे. सुलेमानला इथेच आणून तोच दिला. १६६२ साली तो गेला.

या गोष्टीनंतर मफलरवाला काही बोलत नाही. "टॉर्च बंद करो" म्हणतो आणि जिन्याने वर निघून जातो. यंदाही तसंच झालं. काळोखात फक्त वटवाघळांची फडफड आणि त्यांच्या विष्ठेचा तो घशात बसणारा तिखट वास. कुणाचातरी बूट दगडावर घासला. आणि मग अगदी कानाशी, भिंतीतून, म्हाताऱ्याचा आवाज: "पी लो, शहज़ादे." पुण्याच्या भाचीने माझ्या मनगटावर जी नखं रोवली त्यांच्या खुणा दोन दिवस होत्या. त्या पोकळ्यांतून आवाज येतो हे मी तिला पाच मिनिटं आधीच सांगितलं होतं.

बॅटरी लावल्यावर लगेच वर पळू नका. मुलांना भिंतीतलं ते भोक शोधू द्या, एकाला वर पाठवून खाली बोलायला लावा. भीती उतरली की प्रश्न सुरू होतात, आणि फेरी खरी तिथून जमते. आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "मुरादचं आता काय झालं असेल?" माझ्या आजीच्या यादीत भुतांच्या जाती पक्क्या होत्या: मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, पिंपळावर राहणार, धनाला चिकटून बसतो तो समंध, मुसलमान मेला की खवीस. त्या हिशेबाने मुराद खवीस ठरतो. भाचीला मात्र सरस्वतीबाईचं पडलं होतं. तिचं पुढे काय झालं, हे मफलरवाल्यालाही सांगता आलं नाही.

समंधाची गोष्टही हवी असेल तर वर आल्यावर गंगाजळीचं विचारा. आपण मराठीत शिल्लक रकमेला गंगाजळी म्हणतो. शिंद्यांच्या किल्ल्यावरच्या गुप्त खजिन्याचं नावच ते होतं. १८८६ मध्ये इंग्रजांनी झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांना परत दिला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. मुलगा माधवराव तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. खजिन्याचा बिजक, म्हणजे तिथे पोचायची गुप्त खूण, त्याला सांगायचा राहून गेला आणि पुढे पाय घसरून खांबाला धरताना दार सापडलं, अशी गोष्ट सांगतात. प्रत्येक गाईडचा खांब वेगळा असतो.

जौहर कुंड आणि उतरणी

मानमंदिराबाहेर उत्तरेला जौहर कुंड आहे. १२३२ मध्ये दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या वेढ्याच्या शेवटी इथे बायकांनी जौहर केला. ऊन कलताना या. इथे गाईडला गोष्ट थोडक्यात सांगायला सांगा, आणि तो किंकाळ्यांच्या नकला करू लागला तर तिथल्या तिथे थांबवा. पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ होतं. आमच्या वहिनी इथे नेहमी फोन पिशवीत टाकतात, मीही टाकतो.

मग दाताबंदी छोड गुरुद्वाऱ्यात जा. डोकं झाका, बूट काढून ठेवा, पाय धुवा. जहांगीराने गुरु हरगोविंदांना याच किल्ल्यात कैद केलं होतं, आणि सुटताना ते बावन्न राजांना बरोबर घेऊन बाहेर पडले असं शीख परंपरा सांगते. दिवसभर मेलेल्या कैद्यांच्या गोष्टी ऐकल्यावर सुटलेल्यांची एक गोष्ट बरी वाटते, आणि लंगरमध्ये पोटालाही आधार होतो. उजेड-आवाजाचा कार्यक्रम पाहायचा असेल तर तिथून मानमंदिराकडे परत या. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती चढतानाच विचारून ठेवा. आधी हिंदीत होतो, मग इंग्रजीत. हिंदीचाच पाहा, आवाज अमिताभ बच्चनचा आहे. काळोख पडल्यावर पायवाटेने उतरू नका, उरवाईकडे गाडी बोलावून ठेवा. या सगळ्या फेऱ्यांत आमच्यातल्या कुणाला खरोखर इजा झाली असेल तर ती अंधारात उतरताना मुरगळलेल्या एका घोट्याची.

दुसरी संध्याकाळ हाताशी असेल तर शहरातली फेरी निराळी काढा. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी, जवळच गंगादासांची शाळा, म्हणजे साधूंचा मठ. जून १८५८ मध्ये राणीचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून तिथले साधू लढून पडले. शाळेत ७४५ हा आकडा सांगतात. एखादा हौशी गाईड इथे रात्री घोड्याच्या टापा ऐकू येतात म्हणेल. मी त्याला गप्प बसवतो. झाशीच्या राणीला भूत करायची माझी तयारी नाही, मग ते सोवळेपण म्हणा हवं तर. तिथून बाड्यावर या, थंडी असेल तर तीळगुळाची गजक घ्या. छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, बाहेरून पाहिल्या तरी चालतं. मेलेल्यांची खरी बडदास्त पाहायची तर शिवपुरीला जावं लागेल. तिथल्या छत्रीत माधवरावांच्या मूर्तीला रोज कपडे चढतात आणि नैवेद्य दाखवतात.

शेवटचं काम घरी. आमची आई भुतंखेतं मानत नाही, तसं ती दर वेळी बजावून सांगते. यंदा रात्री साडेनवाला आम्ही परत आलो तर दारात पाण्याची बादली तयार होती. कुणी उंबरा ओलांडायचा नाही, आधी पाय. मग सगळ्यांना ओळीने उभं करून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि त्या गॅसवरच्या तव्यावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या.

"बघ," भाची म्हणाली, "लागलं होतं काहीतरी."

"तव्यावर मोहरी तडतडणारच," आई म्हणाली आणि तिला आणखी एकदा उतरवून टाकली.