भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या विचारवंताचे व्याख्यान कसे ऐकावे

जळगाव, धुळे आणि अमळनेर या गावांना व्याख्यानांची जुनी सवय आहे, आणि व्यासपीठावरून भांडवलशाहीचे वाभाडे काढणारा वक्ता खान्देशी श्रोत्याला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी समाजवादाची बाजू मांडली होती. साने गुरुजींनी धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांची युनियन उभारली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच गावात विद्रोही संमेलनाचाही मांडव पडला होता. अशा वक्त्यांचे बोलणे संशयाने ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या संशयालाही शिस्त लागते, नाही तर त्याची कुचेष्टा व्हायला वेळ लागत नाही.

कुचेष्टेची वाट आधीच बंद करावी. वक्त्याचा पगार वेतन आयोगाप्रमाणे आहे, त्याच्या खिशात महागडा मोबाइल आहे किंवा त्याची मुले परदेशात नोकरी करतात, एवढ्याने त्याचे एकही विधान खोटे ठरत नाही. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली उभे राहिले ते गिरणीमालक प्रताप शेठजींच्या दातृत्वातून. तिथे शिकायला आलेले साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून ज्याचे मीठ खाल्ले त्यावरच उलटले असा ठपका त्यांच्यावर कोणी ठेवत नाही. भांडवलशाहीच्या भरभराटीतूनच तिच्यावर टीका करणारा शिकलासवरला वर्ग वाढत जातो, हे जोसेफ शुम्पीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९४२ मध्येच मांडले होते. वक्त्याच्या पोटापाण्यातून फक्त एकच प्रश्न निघतो, आणि तो रास्त आहे: त्याचे म्हणणे चुकले तर भुर्दंड कोणाला पडेल? बहुतेक वेळा तो श्रोत्याला पडतो, आणि म्हणून तपासणीही श्रोत्यानेच करायची असते.

तपासणीची पहिली पायरी अशी की वक्त्याच्या वाक्यातून ‘भांडवलशाही’ हा शब्द काढावा आणि त्या जागी निर्णय घेणाऱ्याचे नाव घालून पाहावे. ‘भांडवलशाहीने कापूस उत्पादकाला मारले’ हे वाक्य घ्या, कारण खान्देशात ते टाळ्या घेतल्याशिवाय राहत नाही. बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट सुरुवातीच्या वर्षांत सोळाशे रुपयांच्या आसपास मिळत होते आणि तंत्रज्ञान एकाच कंपनीच्या हाती होते, तेव्हा मक्तेदारीची तक्रार खरीच होती. पण २०१६ पासून पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे आजच्या बियाण्याच्या भावाचा जाब दिल्लीला विचारावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी रुईला दार उघडे राहिले. हाही सरकारचाच निर्णय होता आणि कापड उद्योगाला तो हवा होता. वक्त्याने एवढे नेमके सांगितले तर ते तपासता येते आणि त्याबद्दल खासदाराला गाठताही येते. ‘व्यवस्था’ म्हटले की कोणालाच गाठता येत नाही.

याच उदाहरणात आणखी खोल उतरता येते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तरी दिवाळीच्या आसपास खेडा खरेदीत कापूस त्याहून कमी भावाने का जातो, हे वक्त्याला विचारून पाहावे. पहिल्या वेचणीचा कापूस ओलसर असतो, सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि सणाच्या तोंडावर मजुरी भागवायला रोख पैसा लागतो; त्यामुळे दारात काटा घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला शेतकरी नाही म्हणू शकत नाही. यात व्यापाऱ्याचा फायदा आहेच, परंतु उपाय शोधायचा तर तो कापूस वाळवायला जागा, वेळेवर सुरू होणारे खरेदी केंद्र आणि तोवर तग धरायला कर्ज यांत सापडेल. नुसत्या ‘शोषण’ या शब्दातून तो मिळत नाही.

रावेर-यावलच्या केळीची गोष्ट वेगळी आहे. कापूस घरात महिनोन्महिने ठेवता येतो, तर कापलेला घड ठेवता येत नाही, त्याला हमीभाव नाही, आणि बऱ्हाणपूरचा जाहीर भाव एक असताना बागेतला सौदा त्याखाली होतो ही इथली नेहमीची तक्रार आहे. नाशवंत माल धरून बसलेल्या माणसाची घासाघीस करण्याची ताकद कमी असते, हे वक्ता सांगत असेल तर त्याचे म्हणणे टिपून घ्यावे. कापूस, केळी, मका आणि सोने यांना एकाच काठीने हाकणाऱ्याने मात्र यातल्या एकाही बाजाराचा अभ्यास केलेला नाही, असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी पर्यायाची, आणि बहुतेक भाषणे इथेच उघडी पडतात. बाजार नको, तर त्याऐवजी काय? सरकारनेच सगळा माल घ्यावा, असे उत्तर आले तर ते महाराष्ट्रात करून झालेले आहे, याची आठवण द्यावी. १९७२ पासून या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि खासगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याचा कापूस घेण्याची मुभा नव्हती. मंदीच्या वर्षांत तिने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण खान्देश दोन राज्यांच्या सीमेवर वसलेला आहे. पलीकडे भाव चढला की इथला कापूस चोरवाटांनी मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे आणि गुजरातकडे जाई, तिकडे भाव पडला की तिकडचा इकडे येई, आणि दोन्ही वेळा योजनेचा तोटा वाढे. प्रतवारीवरून होणारी भांडणे आणि रखडणारे चुकारे ज्यांनी पाहिले, ती पिढी अजून हयात आहे. पर्याय सुचवणारा या इतिहासाबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर उंटावरून शेळ्या हाकणे चालले आहे असे समजायला हरकत नाही.

परदेशातला पर्याय सांगितला तर तो वक्त्याने कोठून पाहिला, हे विचारावे. नाटककार बर्नार्ड शॉ १९३१ मध्ये सोव्हिएत रशियाचा पाहुणचार घेऊन आले, आणि १९३३ च्या मार्चमध्ये, युक्रेनमध्ये लाखो माणसे उपासमारीने मरत असताना, तिथल्या दुष्काळाच्या बातम्या खोडून काढणाऱ्या पत्रावर त्यांनी सही केली. बुद्धी कमी होती असे शॉ यांच्याबद्दल कोणी म्हणणार नाही.

भाकितांसाठी एक साधी वही पुरते. ‘दहा वर्षांत ही अर्थव्यवस्था कोसळेल’ असे वाक्य आले की तारीख टाकून ते लिहून ठेवावे. फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांचे अंदाज सुमारे वीस वर्षे जमवून तपासले, तेव्हा ज्यांचे नाव अधिक गाजलेले त्यांचे अंदाज साधारणपणे अधिक चुकलेले निघाले. बाजाराचे गोडवे गाणारेही त्यात होतेच. उद्योगपतींच्या परिषदेत ऐकलेले दावेही याच वहीत लिहावेत. शेतकऱ्याची लूट सरकारी धोरण करते आणि त्याला खुला बाजार हवा, असे ठासून सांगणाऱ्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनाही हीच मोजपट्टी लावावी लागते.

आता विश्वास कोणावर ठेवावा, याची खूणही याच भागात सापडते. शहादा परिसरात १९७२ च्या सुमारास श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनी आणि सालदारांची (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची) मजुरी हे प्रश्न हाती घेतले, तेव्हा कोणत्या गावातली कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली, हे सातबाऱ्यावर दाखवता येत होते. हस्तांतरित झालेल्या आदिवासी जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने १९७४ मध्ये केला. ही टीका कठोर होती, आणि तिचा शब्दन् शब्द तपासता येत होता. धुळ्याचे शरद पाटील यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावे लागते: वर्गाच्या चौकटीत जात मावत नाही, असे वाटल्यावर त्यांनी आपला पक्ष सोडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण स्वतःच्या चौकटीला असे प्रश्न विचारणाऱ्या कोणत्याही वक्त्याचे व्याख्यान मी चुकवणार नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी भाषण करू नये. आपल्याकडे बहुधा चिठ्ठ्या मागवतात आणि लांबलचक चिठ्ठी सूत्रसंचालक बाजूला सारतो, म्हणून नाव, गाव आणि एकच वाक्य लिहावे: ‘तुमची सूचना उद्या अमलात आली, तर माझ्या बागेतला कापणीला आलेला घड कोण घेईल, कोणत्या भावाने, आणि पैसे किती दिवसांत देईल?’ उत्तरादाखल वक्ता पुन्हा जागतिक मंदीकडे वळला, तर चहाच्या वेळी त्याला गाठून तेच विचारावे; व्यासपीठापेक्षा तिथे माणसे जास्त खरे बोलतात.