ग्वाल्हेरचा किल्ला चढावा गूजरी महालाकडून, उतरावा उरवाईने

पुण्या-मुंबईचे पाहुणे शहराच्या लष्कर भागात उतरले की गाडी थेट उरवाई दरवाजाने वर नेतात आणि चतुर्भुज मंदिर हुकतं. ते पूर्वेच्या पायवाटेवर आहे. तिथे गाडी जात नाही. एकाच कातळात कोरलेलं हे छोटंसं विष्णुमंदिर. इ.स. ८७६च्या शिलालेखात बागेचं माप '२७०' हात आणि रोजच्या माळा '५०' लिहिल्यात. दोन्हींतलं शून्य म्हणजे इवलंसं वर्तुळ, जगातल्या जुन्या लिखित शून्यांपैकी एक. अगदी जवळ जाऊन शोधा.

म्हणून सकाळी रिक्षाने आधी हजिरा भागात सूफी संत मोहम्मद घौस यांचा दर्गा पाहा. दगडी जाळ्यांतून आत पडणारी उन्हाची नक्षी बघायला थोडं थांबा. शेजारीच तानसेनाची साधी कबर आहे. मग पूर्वेकडून, गूजरी महालापासून पायी चढा. स्वतःची गाडी आणू नका, कारण उतरायचं दुसऱ्या टोकाला आहे.

वर सास-बहू मंदिर (१०९३), मग दाता बंदी छोड गुरुद्वारा. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनी इथल्या जहांगीरच्या कैदेतून सुटताना सोबत ५२ राजे सोडवले. डोकं झाकायला मोठा रुमाल हवाच. दुपारी फरशी भाजते, तेव्हा मोजे जवळ ठेवा. लंगरात पोळी दोन्ही हातांनी घ्या, ताटात अन्न टाकू नका.

तेली मंदिर पाहून उरवाईच्या उतारावर चालतच निघा. गाडीतून कड्यातल्या तीर्थंकरांच्या मूर्ती नुसत्या मागे पळतात. सर्वांत मोठी आदिनाथांची, सुमारे ५७ फूट. बाबराच्या हुकमाने फोडलेले काही चेहरे पुढे जैन समाजाने गिलाव्याने दुरुस्त केले; मूळ दगड आणि गिलावा यांतला फरक डोळ्यांना दिसतो.