‘फारशी वापरलेली नाही’ याला भुलू नका: जुनी लेन्स घेताना या चुका टाळा

वापरलेल्या लेन्सच्या जाहिरातींत गोव्यात एक वाक्य हमखास असते: "फारशी वापरलेली नाही, कपाटातच होती." नवशिका हे वाचतो आणि खूश होतो. माझ्या मते हे वाक्य दिसले की दोन पावले मागे सरायला हवे. जूनमध्ये लागलेला पाऊस चवथ (गणेश चतुर्थी) उलटली तरी पुरता जात नाही. या दिवसांत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि काचेवर बुरशी धरायला ६५ टक्क्यांच्या पुढची ओल, अंधार आणि कोंडलेली हवा एवढे पुरते. लाकडी कपाट, त्यात बॅग, बॅगेत लेन्स म्हटले की या तिन्ही गोष्टी आयत्या जुळून येतात. उलट लग्नाच्या फोटोग्राफरची, रबर पांढरे पडलेली आणि कडेचा रंग उडालेली लेन्स पुष्कळदा आतून लख्ख निघते, कारण ती दर आठवड्याला उजेडात आणि वाऱ्यावर येते. पैसे बेताचे असतील तर बाहेरून झिजलेली पण आतून स्वच्छ लेन्स घ्या. लोक नेमके उलटे करतात.

बुरशी न बघता पैसे देणे

सौदा बहुतेक वेळा असा होतो. खिशात सात-आठ हजार असतात. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी टिपायचे असतात, म्हणून दूरचे जवळ आणणारी झूम लेन्स, ५५-२५० नाहीतर ७०-३०० एमएमची, हवी असते. विकणारा मडगावचा, घेणारा म्हापशाचा, म्हणून पणजीच्या कदंब बसस्थानकावर भेट ठरते, तीही कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सातला. घेणारा लेन्स ट्यूबलाइटकडे धरून आरपार बघतो आणि "स्वच्छ आहे" म्हणतो. कॅमेऱ्याला लावून उभ्या बसचे दोन फोटो काढतो. फोकस लागतो. शटल सुटायची घाई असते, पैसे दिले जातात. रविवारी सकाळी रायबंदरहून फेरी पकडून तो चोडणला पोहोचतो. खारफुटीत खंड्या बसलेला असतो, ऊन समोरून येत असते. फोटोत काळा रंग राखाडी उतरतो आणि पिसांवर दुधाळ पडदा दिसतो. मग तो महिनाभर कॅमेऱ्याच्या सेटिंगशी झटत बसतो. शेवटी कुणीतरी लेन्सवर मोबाइलचा टॉर्च मारून दाखवते, तेव्हा आतल्या भिंगाच्या कडेला कोळिष्टकासारखे धागे दिसतात.

हे ट्यूबलाइटखाली दिसणार नव्हतेच. सपाट उजेडात आरपार पाहिले की बुरशी दडते. पाठीमागून ऊन घेऊन काढलेल्या फोटोतही ती जवळजवळ कळत नाही. उजेड समोरून आला की मात्र सगळे बाहेर पडते, मग तो मिरामारचा सूर्यास्त असो नाहीतर देवळातल्या दिवजांची, म्हणजे दिव्यांची, रांग. म्हणून विकणाऱ्याने पाठवलेले नमुन्याचे फोटो हा कसलाही पुरावा नव्हे.

तपासायची रीत सोपी आहे, पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न देणाऱ्याला लेन्स विकत घ्यायची खरोखर घाई कशाची असते, ते मला कळत नाही.

दोन्ही टोपणे काढा आणि ब्लोअरने बाहेरची धूळ उडवा. सावलीत उभे राहा, पलीकडे काळे काहीतरी हवे, काळी बॅगही चालते. टॉर्च मागच्या बाजूने, पण सरळ न मारता तिरका मारा आणि पुढच्या बाजूने बघा. मग उलट करा. लेन्स झूम असेल तर दोन्ही टोकांना फिरवून बघा, कारण आतली भिंगे पुढेमागे सरकतात आणि एका टोकाला लपलेली कड दुसऱ्या टोकाला उघडी पडते. ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, पाती पूर्ण उघडी असायला हवीत. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये ती सुटी असताना उघडीच राहतात. निकॉनच्या नावात डी किंवा जी असलेल्या लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की पाती मिटलेली असतात. माउंटजवळची (लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडते त्या कडीजवळची) छोटी धातूची पट्टी बोटाने सरकवून ती उघडी धरायची. जुन्या डी लेन्सची ॲपर्चर रिंग आधी सर्वात लहान आकड्यावर आणा. हे माहीत नसलेला माणूस मिटलेल्या पात्यांच्या भोकातून अर्धीच लेन्स तपासून घरी जातो.

आता दिसते काय, ते नीट ओळखा. सुटे, गोल ठिपके म्हणजे धूळ. ती सोडून द्या, कोऱ्या लेन्सवरही टॉर्च मारला तर ठिपके दिसतातच आणि फोटोत त्यांचा काही फरक पडत नाही. फांद्या फुटलेले बारीक धागे किंवा कापसासारखा पुंजका म्हणजे बुरशी. सगळ्या भिंगावर सारखी पसरलेली धुकट साय म्हणजे हेझ, बहुधा आतल्या ग्रीसची वाफ बसून झालेली. कडेला इंद्रधनुषी किंवा चंदेरी डाग म्हणजे चिकटवलेली दोन भिंगे सुटू लागली आहेत, त्याला परवडणारा इलाज नाही. धूळ बघून चांगली लेन्स परत देणारे आणि "दोनच धागे आहेत" म्हणून बुरशीची घेणारे, दोन्ही नेहमी दिसतात. ठिपके मोजू नका, आकार बघा.

एक खबरदारी. विकणारा एसी गाडीतून उतरला असेल तर थंड काचेवर दमट हवा धरते आणि स्वच्छ लेन्ससुद्धा हेझ झाल्यासारखी दिसते. वीस मिनिटे टोपणे लावून बाहेर राहू द्या, मग बघा.

"उन्हात ठेवली की बुरशी मरते" हा सल्ला हमखास मिळतो. मेली तरी धागे तिथेच राहतात, आणि तिने सोडलेल्या आम्लाने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल तर ते उन्हाने भरून येत नाही. वर उष्णतेने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरायची भीती असते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणे हाही असाच उद्योग, तांदळाची पूड आत जाते एवढेच. हाताने फिरवायच्या जुन्या लेन्समध्ये पुढच्या किंवा मागच्या भिंगाच्या आत बुरशी असेल तर जाणकार माणूस ती उघडून पुसू शकतो. ऑटोफोकसच्या झूममध्ये मात्र रिबन केबल (पट्टीसारख्या नाजूक तारा) असतात, भिंगांची अचूक बैठक असते. सात हजारांच्या लेन्सला ही सफाई परवडत नाही. बुरशी दिसली की भाव पाडत बसू नका, नमस्कार करून निघा.

नाव न वाचता लेन्स घेणे

दुसरी चूक निकॉनवाल्यांची जास्त. "७०-३००" एवढेच वाचून लेन्स घेतली जाते. निकॉनने या आकड्याच्या एकाहून जास्त लेन्स काढल्या आहेत आणि त्यांचे वागणे वेगवेगळे आहे. नुसती एएफ ७०-३०० जी ही स्वस्तात मिळते, पण तिच्यात फोकस करणारी मोटर नाही आणि हात हलला तर सावरणारे व्हीआरही नाही. ती डी ३००० किंवा डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांतही मोटर नसते. २००६ साली आलेली एएफ-एस व्हीआर ७०-३०० स्वतःच्या मोटरवर चालते. जुन्या कॅमेऱ्यासाठी मी डोळे झाकून हीच सुचवतो. २०१६ पासूनच्या एएफ-पी लेन्सची गोष्ट तिसरीच. त्या हलक्या आहेत, फोकस झटकन लागतो, पण डी ९०, डी ३१००, डी ५१००, डी ७००० यांवर त्या फोकसच करत नाहीत. हातानेसुद्धा नाही, कारण त्यांची फोकस रिंग नुसती मोटरला इशारा देते. डी ३३०० आणि डी ५३०० यांना आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते.

म्हणून विकणाऱ्याकडून लेन्सवर लिहिलेल्या पूर्ण नावाचा फोटो मागा. "एएफ", "एएफ-एस", "एएफ-पी", "डी", "जी", यांतले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पैसे बुडाले. ५० एमएम एफ १.८ घेतानाही तेच. डी स्वस्त असते आणि मोटर नसलेल्या कॅमेऱ्यावर हाताने फोकस करत बसवते. जी थोडी महाग पडते, पण सगळीकडे चालते. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्याला जुन्या लेन्स जोडायचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी डी लेन्सचा ऑटोफोकस येत नाही. शंभरदा सांगूनही हे विसरले जाते.

कॅननवाल्यांना इथे तुलनेने सुख आहे. ईएफ लेन्स ईएफ माउंटच्या सगळ्या डिजिटल एसएलआरवर बसते. ईएफ-एस लेन्स मात्र फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, बसत नाही. पक्ष्यांसाठी ७५-३०० घ्यायचा मोह टाळा. तिच्या बहुतेक आवृत्त्यांत हात हलला तर सावरणारा स्टॅबिलायझर नाही आणि ३०० ला फोटो मऊ, म्हणजे धूसर, येतो. २०१३ ची ५५-२५० आयएस एसटीएम आकड्याने लहान असली तरी फोटो कितीतरी धारदार देते. ५० एमएममध्ये जुनी दुसऱ्या आवृत्तीची लेन्स नव्या एसटीएम लेन्सच्या भावात खपवतात. जुनीचे माउंट प्लास्टिकचे आणि फिल्टर ५२ एमएमचा, एसटीएमचे माउंट धातूचे आणि फिल्टर ४९ एमएमचा. फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातल्या पुष्कळ सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर पाती मिटवताना एरर देतात, त्या सोडाच.

हेलिओससारख्या जुन्या, एम ४२ आट्यांच्या (स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या) लेन्स कॅननवर साध्या अडॅप्टरने नीट चालतात. निकॉनवर काच नसलेल्या अडॅप्टरने दूरचा फोकस लागत नाही, कारण निकॉनचे माउंट सेन्सरपासून ४६.५ एमएमवर असते आणि एम ४२ ला साधारण ४५.५ एमएम लागते. त्या एका मिलिमीटरला काचेच्या अडॅप्टरशिवाय साधा उपाय नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फोटो फक्त उघड्या ॲपर्चरवर काढून बघणे. ॲपर्चर बारीक करून, एफ ८ आणि एफ १६ वरही काढा, झूमच्या दोन्ही टोकांना. ॲपर्चरची रिबन केबल तुटायला आली असेल तर एरर तिथेच येतो. कॅननच्या २४-१०५ एफ ४ ला हा रोग ठाऊकच आहे.

पाती न बघणे. त्यांवर तेलाचा चमकदार ओला डाग दिसला तर पाती संथ होतात आणि फोटो जास्त उजळ येतात.

किनाऱ्यावरच्या शूटिंगची लेन्स कानाने न तपासणे. झूम रिंग सावकाश कानाजवळ फिरवा. करकर आवाज म्हणजे वाळू. माउंटच्या स्क्रूंवर गंज किंवा हिरवट पूड म्हणजे खारे पाणी. स्क्रूची खाच झिजलेली म्हणजे लेन्स उघडलेली. तिन्हींपैकी काहीही असेल तर मी घेत नाही.

आदळलेली लेन्स न ओळखणे. खिशात त्या मापाचा स्वस्त फिल्टर ठेवा. तो सरळ आट्यांत बसला नाही तर कड वाकलेली आहे. मग भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा अगदी समोर आणि समांतर धरा, सर्वात मोठ्या ॲपर्चरवर फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून बघा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा विरघळलेला असेल तर भिंग सरकले आहे.

पुढच्या काचेवरच्या बारीक चऱ्याला घाबरणे. त्याने भाव पाडून घ्या. मागच्या काचेवरचा चरा मात्र फोटोत उतरतो.

लेन्स न बघता आगाऊ टोकन पाठवणे. "सैन्यात आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो" हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. क्यूआर स्कॅन करून पैसे कधीच येत नाहीत, जातात. भेटायचे दिवसा, आपला कॅमेरा आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन. बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

घरी आणल्यावर ती बॅगेत टाकणे ही शेवटची चूक, आणि याच चुकीने पुढच्या पावसाळ्यात आणखी एक "कपाटातली" लेन्स बाजारात येते. नवी आलेली लेन्स इतरांपासून वेगळी ठेवायला हरकत नाही, पण बुरशीचे बीज हवेत असतेच. खरा बंदोबस्त कोरडेपणाचा. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या. त्यात छोटा आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत सिलिका जेल ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. ५५ च्या वर सरकला की जेल बदलायचे. निळे दाणे गुलाबी पडले, किंवा नारिंगी दाणे हिरवट झाले, की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून मूळ रंगावर आणा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी आहे. त्याचा ट्रे वेगळा ठेवा, स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नका.